क्रोएशियातल्या झाग्रेब-रियेका रेल्वेप्रवासात ओगुलिनला उतरावं का, की ते नुसतं रेल्वेचं गाव आहे?

"नुसतं रेल्वेचं गाव" हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. माझं लहानपण इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलंय.

२०१० साली आमचं जहाज दुरुस्तीसाठी रियेकाला लागलं होतं. सुट्टी मिळाली तशी मी आणि आमचे सेकंड इंजिनिअर झाग्रेबच्या गाडीत बसलो. मोरावित्सेला इंजिन बदललं. रियेकाकडच्या तारेत तेव्हा डीसी वीज, पुढे एसी, म्हणून इंजिन बदलावं लागे. हुबेहूब माझ्या लहानपणीची इगतपुरी! मी दारात उभा राहून बघत होतो, तर साहेब म्हणाले, "असल्या गावांना कसला आलाय इतिहास? रेल्वे आली म्हणून गाव वसलं." मी ओगुलिनला उतरलो. ते पुढे गेले.

भर गावात, फ्रान्कोपान सरदारांच्या किल्ल्याला लागून, डोब्रा नदी चक्क जमिनीच्या पोटात जाते. त्या विवराला ज्युलिन पोनोर म्हणतात. ज्युला नावाच्या मुलीने तिथे जीव दिला, अशी दंतकथा आहे. दोन दिवस पाऊस झालेला. गढूळ पाणी एका ओंडक्याला घुसळत कातळाखाली शिरत होतं आणि कठड्यावर ठेवलेले माझे हात गारठले होते. खाली १६ किलोमीटरहून लांब गुहा आहेत. नदी पुन्हा वर येते ती थेट गोयाक गावाजवळ.

किल्ला १५०० च्या आसपासचा. कार्लोवात्स-रियेका रेल्वे १८७३ ची, हंगेरीला समुद्र हवा होता म्हणून डोंगरातून काढलेली. मग कोण कुणामुळे? इगतपुरीचंही तेच, आधी थळ घाट, मग स्टेशन. रात्री जहाजावर साहेबांना हे सगळं सांगितलं, ते नुसते हसले. ते हसणं अजून डोक्यातून जात नाही.

तर उतराच. गावाला अर्धा दिवस पुरतो. क्लेक डोंगर (११८१ मीटर) चढायचा असेल तर मुक्काम करा. पुढे स्प्लिट शहराकडे जायचं असेल, तर तिकडचा रेल्वेफाटा शेजारच्या ओश्तारियेला फुटतो.

एक सांगायचं राहिलं. १९५९ पासून डोब्राचं पाणी बोगद्यातून गोयाकच्या वीजकेंद्राकडे वळवतात, त्यामुळे कोरड्या दिवसांत विवरापाशी नुसते दगड दिसतील. पाऊस पडून गेल्यावर जा.