फियाटला बॅटरी नंतर बसवू, आधी ती 'एफडी' बघा

नाशिकहून एका काकांचं पत्र आलंय. वय नुकतंच ६० पूर्ण, दोन वर्षांपूर्वी कंपनीतून रिटायर झाले, तेव्हा पीएफ-ग्रॅच्युइटी मिळून ५२ लाख हातात आले. वडिलांनी घेतलेली १९७१ ची फियाट अजून दारात आहे, तिला इलेक्ट्रिक करायची इच्छा आहे. वर्कशॉपवाल्याने खर्च साडेसात लाख सांगितलाय, एका चार्जला २०० किलोमीटर आणि लग्नासाठी भाड्याने दिली तर महिन्याला तीस हजार सुटतील असंही सांगितलंय. पैसे कुठून, तर "बँकेतल्या आरएमने (खातं सांभाळणाऱ्या रिलेशनशिप मॅनेजरने) करून दिलेली एफडीसारखी स्कीम आहे, दरवर्षी सहा लाख, दोन हप्ते झालेत, मार्चमध्ये तिसरा न भरता मोडली की व्याजासकट चौदा लाख येतील". सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा आणि प्रपोजल फॉर्मचा, म्हणजे पॉलिसीसाठी भरलेल्या अर्जाचा, फोटो.

नमस्कार काका,

गाडीचं आधी थोडक्यात सांगतो. तुमची गाडी वर्षाला अडीच हजार किलोमीटर चालते असं तुम्हीच लिहिलंय. लिटरला १२ चा अॅव्हरेज धरला तर पेट्रोलचा किलोमीटरला नऊ रुपये खर्च, विजेवर सव्वा रुपया, म्हणजे वर्षाला वाचले वीस हजार. साडेसात लाख साध्या एफडीत ठेवले तर वर्षाला पन्नास हजार व्याज येतं, त्यातून सगळं पेट्रोल भागून वर मेकॅनिकचेही पैसे निघतात. २०० किलोमीटरचं म्हणाल तर तो वर्कशॉपवाला १६ युनिटची बॅटरी देतोय, युनिटला सात-आठ किलोमीटर धरा, तळाची थोडी चार्जिंग राखून ठेवा, शंभर हातात येतील आणि कसारा घाट चढताना त्याहून कमी. मुंबईला जायचं तर वाटेत कुठेतरी चार-पाच तास चार्जिंगला थांबावं लागेल, कारण त्याच्या मोटर-बॅटरीच्या किटला फास्ट चार्जिंग नाहीये. शिवाय ब्रेक जुनेच ड्रमचे राहणार.

कागदांचं त्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं दिसत नाही. किटला त्याच मॉडेलसाठी एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते, मग आरटीओत आरसीवर इंधन बदलून घ्यावं लागतं, इन्शुरन्स कंपनीलाही कळवावं लागतं. आणि ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून जी 'व्हीए' सिरीजची व्हिंटेज नोंदणी आहे ना, ती मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते, इंजिन काढलं की तो हक्क गेला. पांढऱ्या नंबर प्लेटवर भाड्याचा धंदा तर करताच येत नाही, त्यामुळे ते तीस हजार विसरा.

आता खरं बोलायचंय ते त्या फोटोबद्दल. काका, ती एफडी नाहीये, ती लाइफ इन्शुरन्सची पॉलिसी आहे. फोटो मोठा करून बघा, प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षं लिहिलीय आणि मॅच्युरिटी १५ व्या वर्षी. सहा लाख गुणिले दहा म्हणजे साठ लाख, आणि तुमच्याकडे आयुष्यभराची कमाई ५२ लाख! पगार बंद झालेल्या माणसाला हे विकलंय. शेवटी मिळणार १ कोटी १० लाख, आकडा मोठा वाटतो पण हिशेब केला तर वर्षाला सहा टक्केसुद्धा धड पडत नाहीत. त्यात एप्रिल २०२३ नंतरची पॉलिसी आणि प्रीमियम पाच लाखांच्या वर, म्हणून मॅच्युरिटीवर टॅक्स पण लागणार.

मोडली तर चौदा लाख येणार नाहीत. दोन हप्त्यांनंतर गॅरंटीड सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मोडल्यावर कंपनीला द्यावीच लागते ती किमान रक्कम, भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे बारा लाखांचे ३ लाख ६० हजार. कंपनी स्वतः हिशेब करून देते ती स्पेशल सरेंडर व्हॅल्यू त्याहून जास्त असू शकते, तो आकडा कंपनीकडून लेखी मागा. पण अजून मोडू नका, आणि तिसरा हप्ताही भरू नका. बँकेतला ऑटो-डेबिट आजच थांबवायला सांगा.

प्रपोजल फॉर्मवर तुमचा व्यवसाय 'नोकरी' आणि वार्षिक उत्पन्न '१८ लाख' लिहिलंय, तारीख तुमच्या रिटायरमेंटनंतर दोन महिन्यांची. हे तुमच्या हातचं अक्षरही नाही, पत्रावरच्या अक्षराशी ताडून बघितलं मी. मला फार राग आला हे बघून, कारण हे चुकून होत नाही, पॉलिसी पास व्हावी म्हणून उत्पन्न भरलं जातं. पण हाच कागद तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. फसवून विकली, पूर्ण बारा लाख परत करा, अशी लेखी तक्रार विमा कंपनीला आणि बँकेला द्या, सोबत पेन्शनचा कागद किंवा रिटायरमेंटचं पत्र जोडा, आरएमचे व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर डिलीट करू नका. उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर बीमा भरोसा हे विमा नियामकाचं तक्रारीचं पोर्टल आणि मग विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे विमा लोकपाल, पन्नास लाखांपर्यंतची तक्रार तिथे चालते, फी नाही, वकील लागत नाही. नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.

उरलेल्या चाळीस लाखांतले तीस सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये टाका, साठ झालात त्यामुळे आता सरळ उघडता येईल. सध्या ८.२ टक्के, तिमाहीला साडेएकसष्ट हजार खात्यात. कंपनीचा मेडिक्लेम रिटायरमेंटला संपला, पुढे घेतलाच नाही असं तुम्ही एका ओळीत लिहून गेलात, काकू पण आहेत ना घरात? आधी तो घ्या, वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही.

फियाटसाठी लाखभर बाजूला ठेवा. कार्बोरेटर साफ करून घ्या, रबरी पेट्रोल पाइप आणि डायफ्रॅम बदला, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर खराब होतं आणि गळतीला आग लागायची भीती असते, हे काम थोडक्यात होतं पण राहू देऊ नका. तक्रारअर्जावर शिक्का मारलेली पोच घ्या, मिळाली की तिचा फोटो मला पाठवा, पुढचं पत्र मी लिहून देतो.