फेव्हिकॉल लावलेलं व्हायोलिन

(गिरगावातल्या एका आईंचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला, आठ वर्षं व्हायोलिन शिकतोय. गेल्या पावसाळ्यात व्हायोलिनची कडेची जोड सुटली, ती त्यानं फेव्हिकॉलनं बसवली. तेव्हापासून 'मला व्हायोलिन बनवायला शिकायचंय, इटलीला जायचंय' म्हणून हटून बसलाय. 'सुतारकाम करायला सायन्स घेतलं का?' असं बाबा विचारतात.)

नमस्कार ताई,

आधी त्या फेव्हिकॉलचं बोलू. व्हायोलिन सरसानं जोडतात. आपले जुने सुतार वापरायचे तोच, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस; गरम पाण्यात भांडं ठेवून पातळ करायचा. मुंबईच्या पावसात लाकूड फुगतं, एसीच्या खोलीत आकसतं आणि त्या ओढाताणीत काहीतरी सुटतंच. सरस असला तर जोड सुटते, लाकूड वाचतं. फेव्हिकॉलची जोड हटत नाही, मग चिरते ती वरची स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडाच्या) लाकडाची पाटी, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. शिवाय आतली दुरुस्ती करायची तर पाटी उघडावी लागते, आणि सरस पातळ सुरीनं, थोड्या पाण्यानं सोडवता येतो. व्हायोलिन घडवणारा प्रसिद्ध इटालियन कारागीर स्त्रादिवारी 1737 साली गेला. त्याची व्हायोलिनं आजही मैफलीत वाजतात, ती मधल्या पिढ्यांतल्या कारागिरांनी पुन्हा पुन्हा उघडून नीट केली म्हणून.

म्हणजे चिरंजीवांनी चूक केलीय. पण वाद्य उघडं पडल्यावर त्याचा हात आपसूक तिकडे गेला, हे मला त्याच्या सगळ्या मार्कांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

बाबांचं म्हणणं मी खोडणार नाही. हे सुतारकामच आहे, फार बारीक. पटाशीला धार लावण्यातच सुरुवातीचे कित्येक दिवस जातात. ज्याला त्याचा कंटाळा येतो त्यानं वादकच राहावं, हे उत्तम.

माझा आग्रह एवढाच, की त्यानं आधी दुरुस्ती शिकावी, बनवणं नंतर. मुंबईत नवं, हातानं घडवलेलं व्हायोलिन घेणारे मोजकेच. कारखान्यातलं स्वस्त व्हायोलिन घेणारे पुष्कळ. पण त्या स्वस्त व्हायोलिनचाही ब्रिज (तारांखालची घोडी) नीट कापावा लागतो, खुंट्या पावसाळ्यात घट्ट बसतात, गजाचे घोड्याचे केस झिजतात. आतला साउंडपोस्ट, म्हणजे वरच्या-खालच्या पाट्यांमधली उभी काडी, केसभर सरकला तरी आवाज बदलतो. त्या काडीला इटालियन लोक 'आनिमा', म्हणजे आत्मा म्हणतात, ते उगीच नाही. एकेकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिनवाल्यांच्या रांगा बसायच्या. सिंथेसायझर आला आणि ते काम आटलं. आज गिऱ्हाईक म्हणजे पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा देणारी मुलं, एनसीपीएतल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रासारख्या ठिकाणचे वादक आणि मांडी घालून, तारा सा-प-सा-पमध्ये लावून वाजवणारे आपले शास्त्रीयवाले. या शेवटच्यांना काय हवं असतं, ते परदेशी शाळेत कोण शिकवणार? तुमचा मुलगा हिंदुस्थानी शिकत असेल तर ही त्याची जमेची बाजू.

परदेशाचा विचार सोडू नका, पण घाईही नको. इटलीतल्या क्रेमोनाची व्हायोलिन बनवायला शिकवणारी शाळा 1938 पासून आहे, जर्मनीतल्या मिटनवाल्डची 1858 पासून. दोन्हीकडे खर्चाइतकीच भाषेची अडचण. जर्मन शिकायचं तर काळा घोड्याचं मॅक्स म्यूलर भवन तुमच्यापासून लांब नाही. एखादी भाषा आत्तापासून सुरू करावी आणि दोन-तीन वर्षांनी, हातात काम आल्यावर, अर्जाचं बघावं.

तोवर पदवी चालू ठेवा. सकाळचं कॉलेज आणि दुपारनंतर वाद्यदुरुस्तीच्या दुकानात हाताखाली बसणं, हे मुंबईत जमतं. इंजिनिअरिंगचं वेळापत्रक यात बसणार नाही, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा. सुट्टीत मिरजेला एक चक्कर होऊ दे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्याचं वाद्य वेगळं, सगळी पद्धत वेगळी. पण एका घरात पिढ्यान्‌पिढ्या हे काम कसं चालतं आणि त्यात पोट कसं भरतं, ते कारागिराला थेट विचारता येईल. पैशाचे प्रश्न विचारायला लाजू नको म्हणावं.

सरावाला एखादं मोडकं, स्वस्त व्हायोलिन घेऊन द्या. स्वतःच्या व्हायोलिनला मात्र आता हात लावायचा नाही. ते एखाद्या चांगल्या दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यायचं आणि फेव्हिकॉल आपणच लावला, हे खरं सांगायचं. तो ओरडेल. ओरडून झालं की पाटी कशी सोडवतो, ते बघायला तिथंच थांबायचं.