उकडलेल्या अंड्याचं टरफल नीट का निघत नाही, पाण्यात मीठ कमी पडतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, अंडं किती मिनिटं उकडायचं आणि टरफलाबरोबर पांढरं का निघून येतं. मिनिटांचं नंतर बघू, आधी मिठाचं, कारण या मिठापायी मी अकरा वर्षं टोमणे खाल्लेत.

२०१२ चा आखाड, लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. सासर कराडजवळ, घरच्या कोंबड्या. पंधरा माणसं जेवायला, अंड्याचा रस्सा, आणि सोलायचं काम अर्थातच नव्या सुनेकडे. तीस गावठी अंडी, त्यातली काही तर त्याच सकाळी खुराड्यातून काढलेली. सोलायला बसले तर पापुद्रा असा चिकटलेला की टरफलाच्या प्रत्येक कपचीसोबत पांढऱ्याचा लचका. सासरे परातीत बघून म्हणाले, "सोललीत का उंदरांनी कुरतडलीत?" सगळे हसले, मीपण हसले, काय करणार. पण मोठ्या जाऊबाई एकदम गंभीरपणे म्हणाल्या, "मीठ घातलं नसशील, आणि हाताला वळण लागतं गं त्याला." आता या राहतात पुण्यात, दुकानातून अख्खा ट्रे आणतात, तो फ्रीजमध्ये आठ-आठ दिवस पडून असतो, म्हणून यांची अंडी गोटीसारखी निघतात!

मिठाने टरफल सुटत नाही. अंडं तडकलं तर बाहेर येणारं पांढरं मिठामुळे पटकन घट्ट होतं, एवढाच काय तो फायदा. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो टरफलाच्या बारीक छिद्रांतून हळूहळू निघून जातो तसं पांढरं जास्त अल्कधर्मी होतं आणि पापुद्र्याला कमी धरतं. म्हणजे अंडं जितकं ताजं तितकं सोलायला वाईट. यात हाताचं वळण कुठे आलं?

२०२३ च्या दिवाळीत मी मुद्दाम सहा अंडी दहा दिवस आधी बाजूला ठेवली, सहा त्याच दिवशीची घेतली, पेन्सिलने खुणा केल्या, एकाच पातेल्यात उकडली आणि परात जाऊबाईंच्या पुढ्यात. मीठही त्यांच्याच हाताने घातलेलं. जुनी भराभर निघाली, ताजी उंदरांनी कुरतडली. तर म्हणतात कशा, "तुमच्याकडचं पाणी जड आहे." नवऱ्याचं म्हणणं, रश्शात काय दिसतंय. तो कधी सोलायला बसलाय?

हां, मिनिटं. पाण्याला आधी खळखळून उकळी येऊ द्या, मगच अंडी चमच्याने अलगद सोडा. गार पाण्यातून चढवली की जास्त चिकटतात. दुकानातल्या अंड्याला दहा-अकरा मिनिटं, गावठी लहान असतं त्याला आठ-नऊ पुरे. मग लगेच गार पाण्यात. जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट कडा येते, ती पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांच्यामुळे, खायला काही होत नाही पण दिसतं वाईट. फ्रीजमधलं थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर तडकू शकतं, अर्धा तास आधी बाहेर काढा. आणि महाबळेश्वरसारख्या उंचावर राहत असाल तर एखाददोन मिनिटं वाढवा, तिथे पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं.

पाहुणे आजच येणार आणि घरात सगळी ताजीच अंडी असतील तर सरळ आम्लेट करा.