तळणीचे तेल, हिरवे पाणी आणि ‘घरचंच तर आहे!’

पहिला पाऊस पडला की वडे, भजी आणि पाणीपुरीची पत्रे सुरू होतात. प्रश्न फारसे बदलत नाहीत. यंदाच्या निम्म्याअधिक पत्रांत एक वाक्यही ठरलेले आहे: ‘बाहेरचं नाही हो, घरचंच तर आहे!’ गाडीवरच्या पातेल्यात वाढणारे जंतू आपल्या ओट्यावर वाढायला लाजत नाहीत. म्हणून पुन्हा एकदा ही उत्तरे.

प्रश्न : पाणीपुरीच्या पुऱ्या टम्म फुगतात, पण तासाभरात मऊ पडतात. काय चुकते? (वाचक, अकोला)

पुरी फुगली म्हणजे तळून झाली असे नव्हे. फुगल्यावर आच मध्यम करा आणि सगळीकडून बदामी होईपर्यंत ती तेलातच राहू द्या. आत राहिलेला ओलावाच पुढे पापुद्रा मऊ करतो. बारीक रवा घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, पोळी एकसारखी पातळ लाटा. पुऱ्या पूर्ण गार झाल्यावरच डब्याचे झाकण लावा. गरम पुऱ्या डब्यात भरणारे पुढच्या महिन्यात पुन्हा हेच विचारतात.

प्रश्न : एअर फ्रायरमध्ये बटाटेवडा होतो का? (वाचक, पुणे)

नाही. ओले बेसन जाळीतून खाली गळते. टिक्की छान होते, ती करा.

प्रश्न : माझे वडे तेलात फुटतात, आणि न फुटलेले खूप तेल पितात. (वाचक, चिपळूण)

फुटतात ते बहुधा सारणामुळे. बटाटे उकडून पाणी निथळले नसेल किंवा फोडणी घातलेले सारण गरम असतानाच वळले असेल, तर आतली वाफ आवरणाला भगदाड पाडून बाहेर येते. सारण पसरून गार करा, मगच वळा. पिठात बोट बुडवून काढा. बोटावर सलग लेप राहिला पाहिजे आणि नख दिसता कामा नये.

तेल पिण्याची कारणे दोन. तेल पुरेसे तापलेले नसते, नाहीतर सोडा जास्त झालेला असतो. पिठाचा थेंब तेलात टाकून पाहा. जरासा खाली जाऊन तडतडत वर आला तर तेल तयार आहे. तळाशीच बसून राहिला तर थांबा, आणि पडताक्षणी तांबूस झाला तर गॅस कमी करा. सोडा चिमूटभरच. कढईत एका वेळी आठ-दहा वडे कोंबू नका, तेलाचे तापमान झपकन उतरते.

प्रश्न : वडापावात चिंचेची गोड चटणी घालावी की नाही? घरात वाद आहे. (वाचक, ठाणे)

हा प्रश्न अन्नशास्त्राचा नाही.

प्रश्न : दर रविवारी आमच्याकडे काहीतरी तळण असते. उरलेले तेल मी गाळून ठेवते आणि पुढच्या रविवारी त्यातच नवे तेल घालते. तीनदा वापरले तर चालते असा व्हॉट्सअॅपवर संदेश आला होता. तेलात बटाट्याची चकती तळून काढली की ते शुद्ध होते, असे सासूबाई सांगतात. आमचे तेल लाकडी घाण्याचे आणि कोलेस्टेरॉल फ्री आहे. (वाचक, सोलापूर)

या एका पत्रात, मी ज्यांच्याशी गेली कित्येक वर्षे भांडते आहे ते सगळे समज एकत्र आले आहेत. तेव्हा उत्तर लांबणार.

तळताना तेलाचे काय होते ते आधी पाहू. साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला वडा तेलात पडला की त्यातले पाणी वाफ होऊन बाहेर येते. ते जे बुडबुडे आपण कौतुकाने पाहतो, ते हेच. हे पाणी तेलाचे रेणू तोडते, हवेतला ऑक्सिजन त्यांना खराब करतो, आणि उष्णतेने काही रेणू एकमेकांना चिकटून मोठे होतात. कढईच्या काठाला पिवळट, चिकट, तारेच्या घासणीलाही दाद न देणारा थर बसतो ना? तो याच चिकटलेल्या रेणूंचा. काठावर तो दिसतो, तेलात विरघळलेला दिसत नाही. तोच पुढच्या रविवारी तुमच्या पोटात जातो.

या बिघाडाचे एक माप आहे, ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे अशा बिघडलेल्या रेणूंचे, एकूण प्रमाण. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून त्याला २५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापलीकडे गेलेले तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणाला वापरणाऱ्या व्यावसायिकांना १ मार्च २०१९ पासून त्याची नोंदही ठेवावी लागते, आणि टाकाऊ तेल अधिकृत संकलकालाच द्यावे लागते. त्या तेलापासून बायोडिझेल बनते. मोठ्या हॉटेलात निदान तेल तपासायचे यंत्र तरी असते. तुमच्या स्वयंपाकघरात काय असते? गाळणी.

आता तुमचे मुद्दे. बटाट्याची चकती, आल्याचा तुकडा, कॉर्नफ्लोअरचे पाणी, हे सगळे उपाय तेलातला गाळ आणि थोडाफार वास ओढून घेतात. तेल स्वच्छ दिसते. तुटलेले आणि चिकटलेले रेणू जिथल्या तिथे राहतात. सासूबाईंच्या काळी तेल महाग होते आणि तळण सणासुदीला होत असे, तेव्हा त्यांच्यावर मी रागावत नाही. रागावते ती ‘तीनदा चालते’ असे छातीठोकपणे पुढे ढकलणाऱ्यांवर. तीनदा म्हणजे किती वेळ? दहा मिनिटे पुऱ्या तळणे आणि दोन तास मंद आचेवर चकल्या काढणे ही दोन्ही एकेक वेळच झाली का? तेल किती तापले, किती वेळ तापले, त्यात किती पाणी, मीठ आणि पिठाचा चुरा पडला, यावर सगळे अवलंबून असते.

जुन्यात नवे तेल ओतण्याची सवय तर आजच सोडा. जुन्या तेलातली बिघडलेली संयुगे नव्याचा बिघाड वेगाने सुरू करतात. म्हणजे तुम्ही जुने वाचवत नाही, नवे घालवता. कल्हई गेलेली पितळेची कढई वापरत असाल तर तीही तळणासाठी नको, कारण पितळेतल्या तांब्यामुळे तेल लवकर खवट होते.

‘कोलेस्टेरॉल फ्री’बद्दल एकच सांगते. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या चरबीत असते. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, कुठल्याच वनस्पती तेलात ते मोजण्याइतके नसते. बाटलीवर ते लिहिणे म्हणजे पाण्याच्या बाटलीवर ‘यात साखर नाही’ असे छापणे. ते खोटे नाही, पण त्याचे वेगळे पैसे कशाला मोजायचे? घाण्याचे तेल फोडणीला आणि चटणीवर घ्यायला उत्तम. पण ते शुद्धीकरण न केलेले असते, त्यामुळे रिफाइंडपेक्षा लवकर धुरकटते. धूर येईपर्यंत तापवलेले तेल, मग ते कितीही पवित्र घाण्याचे असो, बिघडू लागलेलेच असते.

मग करायचे काय? कढई लहान आणि खोल घ्या. चार माणसांच्या वड्यांना तीन-चारशे मिलिलिटर तेल पुरते, फक्त घाणे जास्त काढावे लागतात. मीठ आणि मसाला कढईवर धरून भुरभुरू नका. उरलेले तेल गार झाल्यावर पातळ फडक्यातून गाळा, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हा तळणाला नाही. फेस बसेनासा झाला, तेल नेहमीपेक्षा आधी धूर सोडू लागले, बोटांना चिकट लागले किंवा वास बदलला, तर फोडणीलाही नाही. रंगावर मात्र विसंबू नका. गडद तेल वाईट असतेच असे नाही, आणि फिके तेल चांगले असेलच असेही नाही. टाकताना बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते. बंद बाटलीत साठवा.

घरात कुणाला हृदयविकार असेल, स्टेंट बसवला असेल, तर प्रश्न ताज्या-शिळ्या तेलाचा उरत नाही. दर रविवारी तळण खावे का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मला नको.

प्रश्न : घरच्या पाणीपुरीच्या पाण्याला गाडीवरच्यासारखा हिरवा रंग येत नाही. मसाल्याच्या सुट्या पुडीने येतो. ती वापरू का? (वाचक, नाशिक)

सुटी पुडी असेल तर नाही. तिच्यावर लेबल नाही, म्हणजे आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. आपल्याकडे अन्नात मोजकेच कृत्रिम रंग वापरायला परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात. सुट्या पुडीत कापड रंगवायचा रंगही असू शकतो. पाकीट घ्यायचे तर घटकांची यादी वाचा. मुलाला दमा असेल किंवा अंगावर पित्त उठत असेल, तर रंग असलेले काहीही देण्याआधी त्याच्या डॉक्टरांशी बोला.

खरे तर पुडीची गरजच नाही. पुदिना आणि कोथिंबीर उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका आणि मग वाटा. रंग टिकतो. लिंबू किंवा चिंच अगदी शेवटी, वाढायच्या वेळी घाला, आंबटाने हिरवा रंग शेवाळी होत जातो. आणि पाणी उकळून गार केलेले घेता, तसा बर्फही त्याच पाण्याचा असू द्या. पाणी फिल्टरचे आणि बर्फ कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला, हे मी सुशिक्षित घरांतही पाहिले आहे.

प्रश्न : वडिलांना रक्तदाब आहे. पाणीपुरीत साध्या मिठाऐवजी पादेलोण घातले तर त्रास होत नाही ना? (वाचक, लातूर)

होतो. पादेलोण हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. वास वेगळा आहे, सोडियम मात्र त्यातही असतेच. किती मीठ चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर चिंच-बटाट्यातल्या पोटॅशियमबद्दलही विचारा. ‘लो सोडियम’ मीठ तर न विचारता अजिबात आणू नका, त्यात पोटॅशियमच घातलेले असते.

प्रश्न : हिरव्या मिरचीचा ठेचा भरपूर लसूण घालून करते आणि वर तेलाचा थर देऊन बरणी ओट्यावर ठेवते. महिनाभर टिकतो, बुरशी येत नाही. वडापावसाठी सोयीचे पडते. (वाचक, बेळगाव)

बुरशी येत नाही, कारण तिला हवा लागते. तेलाखाली हवा नसते, आणि नेमकी तीच जागा बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला मानवते. लसूण जमिनीत वाढतो, त्यासोबत हे जंतू येऊ शकतात. ओलसर, आंबट नसलेला, तेलाखाली कोंडलेला आणि उबेत ठेवलेला लसूण त्यांना पुरेसा आहे. त्यांच्या विषाला वास नसतो, चवही नसते. असे क्वचित घडते, पण घडले तर जिवावर बेतते. ठेचा फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर छोट्या वाट्या करून फ्रीझरमध्ये टाका. सुक्या खोबऱ्याची, लसूण कोरडा भाजून केलेली लाल चटणी वेगळी, तिच्यात पाण्याचा अंश फारच कमी असतो.

असा ठेचा खाऊन कुणाला दोन-दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर लिंबूपाणी देत बसू नका. थेट रुग्णालय गाठा आणि काय खाल्ले ते सांगा.

प्रश्न : पाच दिवसांपूर्वी घरीच पाणीपुरी केली होती. सात वर्षांच्या मुलाला तेव्हापासून जुलाब होताहेत. ओवा आणि हिंगाचे पाणी देतो आहोत. सगळे घरचे होते, मग कशामुळे झाले असेल? (वाचक, पनवेल)

कशामुळे ते नंतर. पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला निरोप दिला होता, इथे बाकीच्यांसाठी लिहिते. पाच दिवस? सात वर्षांच्या मुलाला पाच दिवस जुलाब होत असताना पत्र लिहायचे नसते, बालरोगतज्ज्ञांकडे जायचे असते. शौचात रक्त, ताप, लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, सुस्ती, यांतले एक जरी दिसले तरी रात्रीच्या दोनलाही निघा. तोवर ओआरएस द्या. एका लिटरच्या पाकिटाला एक लिटर उकळून गार केलेले पाणी, पूर्ण पाकीट एकदम. अर्धे पाकीट ग्लासात नाही. औषधांच्या दुकानात फळांच्या चवीची गोड पेयेही याच हेतूने पुढे केली जातात, त्यांतली जास्त साखर जुलाब वाढवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे पाकीटच मागून घ्या.

आता कारण. तुम्ही पुढे लिहिले आहे की मोड आलेले मूग कच्चेच घातले आणि बटाटे सकाळी उकडून संध्याकाळपर्यंत ओट्यावर होते. मोड आणायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते. म्हणून मोड आलेले कडधान्य पूर्ण शिजवूनच खायचे, मुलांना तर नक्कीच. उकडलेला बटाटा उकाड्यात दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नये. नक्की कोणत्या जंतूमुळे झाले ते तपासणीतून कळेल. पत्रावरून मी सांगणार नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितले तर ऐकू नका.

प्रश्न : मधुमेहींनी ब्राउन पावाचा वडापाव खाल्ला तर चालतो का? (वाचक, कोल्हापूर)

तपकिरी रंग बऱ्याचदा कॅरॅमलचा असतो. घटकांत पहिले नाव मैदा असेल, तर तुम्ही मैद्याचाच पाव जास्त पैसे देऊन घेतला आहे. पाव गव्हाचा असला तरी आत बटाटाच आहे. किती आणि केव्हा खायचे, ते तुमच्या साखरेचे आकडे पाहून आहारतज्ज्ञ सांगतील.

प्रश्न : मी शनिवार-रविवार सोसायटीत घरून वडापाव विकते, पन्नास-साठ. एवढ्याला परवाना कशाला लागतो? (वाचक, डोंबिवली)

लागतो. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली घरून विकणाऱ्यांनाही किमान नोंदणी आवश्यक आहे. अर्ज एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर स्वतःच भरता येतो. त्यासाठी हजारो रुपये मागणारे एजंट भेटतील, त्यांची गरज नाही. उलाढालीच्या मर्यादा आणि शुल्क बदलत असते, तेव्हा भरण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. वडे वर्तमानपत्रात बांधून देत असाल तर तेही थांबवा. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत त्याला मनाई आहे, छपाईची शाई गरम तेलात उतरते. आणि पन्नास वडे तळून उरलेल्या तेलाचे काय करता, ते तुम्ही लिहिलेले नाही.