नाशिकमध्ये जुन्या वाड्यात राहतो. दीड वर्षाची मुलगी रंगाचे पोपडे तोंडात घालते. शिशाची तपासणी करावी का?

हो, कराच. लक्षणांची वाट पाहू नका. शिसं अंगात भिनतं तेव्हा मूल बरेचदा हसतं-खेळतंच असतं आणि नुकसान मेंदूचं होत राहतं. बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या. बोटाला टोचून केलेल्या तपासणीत आकडा जास्त आला, तर शिरेतल्या रक्तावर खात्री करावीच लागते, कारण बोटावरची धूळही त्यात मिसळते. सुरक्षित पातळी अशी नाहीच. डेसिलीटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घरगुती रंगांवर शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आली. म्हणजे पंचवटीतल्या वाड्यांच्या चौकटींवरचे जुने थर संशयितच. ते कोरडे घासू नका, ओल्या फडक्याने पुसा. पाळणा आजच खिडकीपासून लांब हलवा.

स्वयंपाकघरही बघा. पितळी पातेल्याला कल्हई शुद्ध कथलाचीच हवी; कथलात शिसं मिसळलेलं असेल तर चिंचेच्या आमटीत ते उतरतं. काजळ-सुरमा बंद. आणि लेकीला नाचणीची पेज द्या, कॅल्शियम-लोह पुरेसं असलं की शिसं कमी शोषलं जातं.