पाणी कंपनीकडं द्यायचं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : काळम्मावाडी धरणातनं कोल्हापूरला थेट पाईपलाईन झाली तेव्हा आम्हाला वाटलं आता सुटलो. पण आमच्या गल्लीत अजून दाबच नाही, मोटर लावल्याशिवाय वरच्या मजल्यावर थेंब चढत नाही. माझा मेव्हणा नागपूरला असतो, तिथं पाणी कंपनी बघते. मग आपण पण एखाद्या चांगल्या कंपनीला का देऊन टाकत नाही? विषय काढला की लोक लगेच रस्त्यांच्या टोलचं नाव घेतात. – एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : दादा, तुमचा वैताग पटतो, पण आधी एक गोष्ट वेगळी काढूया. धरणापासून पुईखडीच्या फिल्टर हाऊसपर्यंतचं काम वेगळं आणि तिथून तुमच्या नळापर्यंतचं वेगळं. थेट पाईपलाईननं पहिला भाग सोडवला. सुमारे ५३ किलोमीटरची लाईन, पाणी पोचलं नोव्हेंबर २०२३ मध्ये, आणि ती गरजेचीच होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बालिंगा-शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि नदी दारात आलेली असताना अख्खं शहर घागर घेऊन टँकरमागं पळत होतं हे कोण विसरेल. पण दुसरा भाग, म्हणजे टाकीपासून नळापर्यंतची जुनी जाळी, तिथंच तुमचा दाब मरतोय.

एकदा व्हॉल्व्ह सोडायला येणाऱ्या चावीवाल्याबरोबर चेंबरपाशी उभं राहून बघा. लांब दांड्याची लोखंडी चावी आत घालून तो फेरे मोजतो, या गल्लीला इतके, पलीकडं उतार आहे म्हणून तिकडं कमी, आणि जुनी लाईन कुठल्या घराखालून वळते हे त्याला तोंडपाठ असतंय, कागदावर बऱ्याचदा नसतंयच. चेंबरमध्ये गाळ, बाजूला गटार. पाणी बंद झालं की लाईन रिकामी होते आणि ज्या फटीतनं मघाशी पाणी बाहेर गळत होतं त्याच फटीतनं बाहेरची घाण आत ओढली जाते, म्हणून नळाला पहिलं पाणी गढूळ येतं. चोवीस तास पाण्याचा खरा फायदा हा आहे, लाईन कायम दाबाखाली राहते आणि घाण आत शिरत नाही, ते नुसत्या सोयीसाठी नाही.

आता कंपनीचं. खासगी भागीदारी म्हटलं की लोकांना वाटतं नदी आणि टाक्या विकल्या, तसं नसतं. नागपुरात २०१२ पासून २५ वर्षांचा करार आहे, मालकी महापालिकेची, दर महापालिका ठरवते, कंपनी लाईन बदलते, मीटर बसवते, बिल काढते आणि वसूल करते. पाच वर्षांत सगळं शहर चोवीस तास करायचं ठरलं होतं ते वेळेत झालं नाही, बिलांवरनं आणि वस्त्यांमधल्या कामावरनं तक्रारीही भरपूर झाल्या. तुमच्या मेव्हण्याच्या भागात चांगलं असेल तर चांगलंच आहे, फक्त दुसऱ्या झोनमधल्या माणसालाही एकदा विचारा.

बेळगाव तर आपल्या शेजारचं. तिथं, हुबळी-धारवाडला आणि कलबुर्गीला जागतिक बँकेच्या कर्जातनं आधी शहराचा साधारण दहावा हिस्सा निवडला, तिथली वितरणाची लाईन नवी टाकली, घरोघरी मीटर लावले आणि २००८ च्या सुमारास त्या भागात चोवीस तास पाणी सुरू झालं. मला या प्रयोगातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते, छोटा भाग घेतला, करून दाखवलं, कंपनीच्या फीचा काही भाग कामगिरीवर ठेवला, मग पुढचं. पण अख्ख्या शहरात तेच करायचं म्हटल्यावर वर्षानुवर्षं गेली हेही खरं, आणि पहिल्या भागात जादू झाली ती नव्या पाईपमुळं किती आणि कंपनीमुळं किती हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

लातूरला उलटं झालं. २००८ मध्ये पाण्याची व्यवस्था कंपनीकडं दिली, मीटर आणि दरवाढीवरनं लोक रस्त्यावर उतरले आणि तो करार तडीस गेलाच नाही. लोकांना विश्वासात न घेता मीटर दारात आणला की असंच होणार.

आणि टोल. लोक नाव घेतात ते उगाच नाही, आणि घेतलंच पाहिजे असं माझं मत आहे. आपल्या शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते, ३० वर्षं टोल, बीओटी तत्त्व, म्हणजे कंपनीनं बांधायचं, वापरणाऱ्याकडनं पैसे वसूल करायचे आणि मुदत संपली की परत द्यायचं. एन. डी. पाटील सरांसारखी, गोविंद पानसरे अण्णांसारखी माणसं त्या वयात रस्त्यावर बसली. २०१५ च्या अखेरीस टोल गेला, पण कंपनीचे पैसे राज्याच्या तिजोरीतनं भागवावे लागले, म्हणजे आपल्याच. त्या करारातली कलमं चौकाचौकात चर्चेला आली तोवर रस्ते उकरून झाले होते, सह्या वाळून गेल्या होत्या. रस्त्याला निदान आडवाट असते, पाण्याला नसते. नळाची लाईन शहरात एकच असते आणि ती ज्याच्या हातात त्याच्याशी घासाघीस करायला गिऱ्हाईकाकडं दुसरं दुकान नसतं.

म्हणून माझं म्हणणं कंपनी हवी की नको याच्या आधीचं आहे. आधी मोजा. समजा करारात लिहिलं की गळती निम्म्यावर आणली की कंपनीला बोनस. आज गळती किती हे कोण सांगणार? प्रत्येक टाकीच्या तोंडाला चालू बल्क मीटर, म्हणजे टाकीतनं एकूण किती पाणी सुटलं ते मोजणारा मोठा मीटर, नसेल, शहराचे छोटे झोन पाडून किती पाणी आत गेलं आणि किती बिलात आलं याचा मेळ लावलेला नसेल, तर कंपनीच सर्व्हे करणार आणि कंपनीच आकडा मांडणार. सुरुवातीचा आकडा जेवढा वाईट तेवढी पुढची प्रगती चांगली दिसते. केंद्राच्या २००८ च्या मानकांप्रमाणं बिलात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत पाहिजे. आपल्या महापालिकेनं वर्षभर नीट मोजून स्वतःचा आकडा झोनप्रमाणं जाहीर करावा, मग निविदेचं बोलावं. हे काम करायला कुठली कंपनी लागत नाही.

आणि मोजल्यावर कदाचित असंही दिसेल की कंपनीची गरजच नाही. कराडजवळचं मलकापूर बघा, हायवेला लागूनच आहे. छोटं गाव, तिथं राज्य सरकारचं जीवन प्राधिकरण आणि नगरपंचायतीनं मिळून मीटरवर चोवीस तास पाणी दिलं, जास्त वापराल तसा दर जास्त, आणि ते टिकवलं. ओडिशातल्या पुरीत २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट पिण्याजोगं चोवीस तास सुरू झालं ते राज्य सरकारच्या स्वतःच्या कंपनीकडनं, आणि तिथं बचत गटाच्या बायका घरोघर जाऊन मीटर वाचतात, पाणी तपासतात. मलकापूर लहान आहे, कोल्हापूरचे उतार आणि पेठा वेगळ्या, हे मान्य. पण सरकारी माणसाला जमतच नाही हे बोलणं तरी बंद व्हावं.

प्रश्न : आम्ही राजेंद्रनगरला राहतो, घरात पाच माणसं, नवरा सेंट्रिंगच्या कामाला. कंपनी आली आणि मीटर लागला तर बिल भरलं नाही म्हणून पाणी तोडतील का? शेजारणी म्हणतात हवेनं पण मीटर फिरतंय, खरं का? – एक भगिनी

उत्तर : ताई, शेजारणी बरोबर सांगतायत. लाईन रिकामी असते, पाणी सोडलं की आधी आतली हवा नळावाटे जोरात बाहेर पडते आणि मीटरचा काटा फिरतो. म्हणूनच मी म्हणेन, जिथं अजून एक दिवसाआड पाणी येतंय तिथं आधी मीटरचं बिल लावणं हा अन्याय आहे. आधी दाब द्या मग मीटर वाचा, हा क्रम करारात लिहूनच घेतला पाहिजे.

बिलाचं साधं गणित सांगतो. सरकारी मानक माणशी रोज १३५ लिटर. पाच माणसांचे ६७५, महिन्याला साधारण २० हजार लिटर, म्हणजे मीटरवर २० युनिट. एवढं पाणी माणसाच्या रोजच्या गरजेचं आहे, तेवढ्याला दर सगळ्यात कमी असावा आणि त्यावर बाग, गाडी धुणं, हॉटेल यांना चढा. हे टप्प्याचे दर कोण ठरवणार? कंपनी नाही, महापालिकेचं सभागृहच, आणि दरवर्षी आपोआप इतके टक्के वाढ असं कलम असेल तर त्यावर आधी वॉर्डावॉर्डात बोलायला हवं. आपल्याकडं तर २०२० च्या नोव्हेंबरनंतर बरीच वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते, अशा काळात २५-३० वर्षांचे करार होऊच नयेत असं मला मनापासून वाटतं.

तोडण्याबद्दल: थकबाकी झाली तर दाब कमी करता येतो, हप्ते देता येतात, पण पिण्याचं पाणी पूर्ण बंद करायचं नाही हे कलम पाहिजेच. आणि सार्वजनिक नळ काढायचे असतील तर आधी त्या प्रत्येक घराला कनेक्शन, तेही जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड न मागता. तुमच्यासारख्या वस्तीत लोक इथंच अडवले जातात. घरफाळ्याची पावती नाही म्हणून नळ नाही, असं होता कामा नये.

प्रश्न : आमच्या ताराबाई पार्कातल्या अपार्टमेंटला बोअर आहे, उन्हाळ्यात टँकर. आम्हाला या सगळ्याचं काय? – सोसायटीचे सेक्रेटरी

उत्तर : तुम्ही आत्ताच खासगी पाणी विकत घेताय की साहेब, फक्त त्याला करार नाही, दर ठरलेला नाही आणि तपासणी नाही. टँकरचं पाणी कुठून भरलं ते विचारता का कधी? वर्षभराच्या टँकरच्या पावत्या एकत्र करा, बेरीज करा आणि ती पाणीपट्टीच्या शेजारी ठेवून पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये वाचून दाखवा. मग माहिती अधिकारात पाणीपुरवठा विभागाला एक अर्ज टाका: आमच्या भागाला पाणी देणाऱ्या टाकीला बल्क मीटर आहे का, तो चालू आहे का आणि गेल्या बारा महिन्यांचं रीडिंग काय. दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलेलं उत्तर आम्हाला पाठवा, छापू.