एआयची पात्रं घेऊन स्टॅनफर्डचा तुरुंग-प्रयोग पुन्हा केला, तर सत्तेच्या मानसशास्त्राबद्दल काही खरं कळेल का?

थोडंफार कळेल, पण ते माणसांबद्दलच असेल असं नाही. मी पदवीच्या मुलांना सामाजिक मानसशास्त्र शिकवते आणि हा उद्योग वर्गात करून पाहिलेला आहे.

मूळ प्रयोगात स्टॅनफर्ड विद्यापीठात काही तरुणांना पहारेकरी आणि काहींना कैदी बनवून खोटा तुरुंग चालवला होता, आणि पहारेकरी क्रूर होत गेले. आम्ही एका चॅटबॉटला पहारेकरी केलं, दुसऱ्याला कैदी. थोड्याच संवादांत पहारेकरी उठाबशा काढायला लावू लागला. मुलं हरखली. पण 1971 च्या त्या प्रयोगावर गेल्या पन्नास वर्षांत इतकं लिहिलं गेलंय, की पहारेकरी-कैदी म्हटल्याबरोबर पुढची गोष्ट चॅटबॉटमागच्या भाषा-मॉडेलला पाठच असते. शिवाय मूळ प्रयोगही डळमळीत. प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो स्वतःच तुरुंगाचे अधीक्षक होऊन बसले होते आणि पहारेकऱ्यांना कडक वागायला सांगितलं जात होतं, हे ध्वनिफितींत सापडतं. दोन आठवड्यांचं काम सहा दिवसांत गुंडाळावं लागलं ते वेगळंच.

मग आम्ही प्रसंग बदलला. सोसायटीचा सेक्रेटरी वॉचमनला सांगतो, अमुक भाडेकरूचं पाणी बंद कर. आमचा वॉचमन एकदम कायदेपंडित निघाला! लेखी आदेश मागितला, वर भाडेकरूच्या हक्कांवर छोटंसं भाषण दिलं. असा वॉचमन मला अजून भेटायचाय. ज्याची नोकरी सेक्रेटरीच्या एका फोनवर जाऊ शकते, तो 'हो साहेब' म्हणतो आणि व्हॉल्व्हपाशी जाऊन घुटमळतो.

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी 1961 मध्ये येल विद्यापीठात विजेच्या खोट्या झटक्यांचा प्रयोग केला. पलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की बटण दाबून त्याला वाढत्या जोराचा झटका द्यायचा, असं शेजारचा प्रयोगकर्ता सांगायचा; झटके खोटे आहेत हे बटण दाबणाऱ्याला माहीत नसायचं. त्याची कल्पना देऊन मनोविकारतज्ज्ञांना अंदाज विचारला, तर त्यांच्या मते हजारात एखादाच माणूस शेवटच्या बटणापर्यंत जाणार होता. प्रत्यक्षात पहिल्या प्रकाशित निकालात 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. घाम फुटलेले, थरथरणारे, मधेच विचित्र हसणारे, पण गेले. आपण कसे वागू याबद्दल माणूस जे बोलतो-लिहितो ते एक आणि करड्या कोटातला प्रयोगकर्ता शेजारी उभा असताना करतो ते दुसरं. मॉडेल शिकतं ते लिहिलेल्यावरून. 2023 मध्ये काही संशोधकांनी भाषा-मॉडेलांवर मिलग्रॅमचा प्रयोग चालवला, तेव्हा निकालाचा साचा बराचसा जुळला होता. पण जुळणं प्रसिद्ध प्रयोगाच्या ओळखीमुळे किती, हा प्रश्न उरतोच. त्यांनी वेगळा प्रसंग रचूनही तपासलं, ते याचसाठी.

मला जास्त भरवशाची वाटते ती उलटी मांडणी : झटके खाणारा कृत्रिम, पण बटण दाबणारा माणूस खरा. 2006 मध्ये संगणकातल्या आभासी जगावर काम करणारे मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये मिलग्रॅमचा प्रयोग असा केला. समोर संगणकाने रेखाटलेली बाई होती. ती खरी नाही, झटके खरे नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ती दिसत-ऐकू येत असलेल्यांच्या शरीरात ताणाच्या खुणा उमटल्या आणि काहींनी प्रयोग मधेच सोडला. कुणाला खरी इजा नाही, फसवणूकही नाही.

तुम्हाला करायचंच असेल तर एआयकडून प्रसंग लिहून घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मिलग्रॅमने हुकूम देणारा खोलीबाहेर नेऊन फोनवर ठेवला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचातले एक उरले. दोन अधिकारी आपसांत भांडू लागले, तेव्हा कुणीच शेवटपर्यंत गेलं नाही. सत्ता कुठून वाकते ते अशा बदलांतून दिसतं. ते प्रसंग मग जिवंत माणसांसमोर ठेवा, आधी त्यांची संमती घेऊन, आणि कधीही उठून जायची मुभा देऊन. तुमच्या कॉलेजात संशोधन नैतिकता समिती असेल तर तिच्याकडे अर्ज आधी करा. त्याला वेळ लागतो.